चिठ्ठी न निघालेलं घर

दोन वर्षं मी जे काम केलं ते नेमकं काय होतं, हे मला अजूनही एका दमात सांगता येत नाही. वस्तीत शिरलं की लोकांना वाटायचं मी जनगणनेला आलेय, नाहीतर कसलं तरी कार्ड काढून द्यायला. प्रत्यक्षात एक संस्था उपनगरांतल्या काही वस्त्यांमध्ये हातावर पोट असलेल्या बायकांना मदत देणार होती, आणि त्या मदतीनं गरिबी खरंच कमी होते का, हे वेगळेच लोक तपासणार होते. मी त्या वेगळ्या लोकांतली. टॅब्लेट घेऊन घरोघर जायचं, ठरलेले प्रश्न ठरलेल्या शब्दांत विचारायचे, येईल ते उत्तर भरायचं.

मदत सगळ्यांना पुरणार नव्हती. म्हणून यादीतल्या बायकांच्या चिठ्ठ्या काढल्या. काढल्या कॉम्प्युटरनं, पण वस्तीत सगळे चिठ्ठ्याच म्हणायचे. निम्म्यांची निघाली, निम्म्यांची नाही. आणि दोन वर्षांत तीन फेऱ्या करून आम्ही दोन्हीकडे तेच प्रश्न विचारायचे. मिळालेल्यांची घरं किती सुधारली, न मिळालेल्यांची किती, या दोघांतला जो फरक तो मदतीमुळे आलेला धरायचा. मी सायन्सची पदवीधर. एका कुंडीत खत घालायचं, दुसरीत नाही, हे मला शिकवावं लागलं नाही.

अभ्यासाच्या प्रमुख मॅडम मुलुंडला राहायच्या. हळू बोलायच्या, चुकलं तर ओरडायच्या नाहीत, म्हणून त्यांची जास्त भीती वाटायची. प्रशिक्षणात त्यांनी एक नियम पुन्हा पुन्हा सांगितला. ज्यांची चिठ्ठी निघाली नाही त्या घरांत आपण काही द्यायचं नाही. वस्तू नाही, सल्ला नाही, साधी माहितीही नाही. आपल्या जाण्यानं त्या घरात फरक पडला तर मग आपण मोजलं काय? आम्ही सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. मी त्याखाली रेघसुद्धा मारली.

माझ्या वाट्याला मढचा कोळीवाडा आला. मी भांडुपची. घाटकोपरला उतरून मेट्रो, वर्सोव्याच्या धक्क्यावरून होडी, आणि पलीकडे मासळीच्या वासात उतरायचं. आमच्या घरी सुकट खातात, त्यामुळे वासाचं मला काही नव्हतं. पण कोळीवाड्यातलं एकही माणूस मी तोवर ओळखत नव्हते. पहिल्याच दिवशी माझा गोंधळ उडाला. यादी गरीब घरांची, आणि माझ्यासमोर घर एकमजली, पक्कं, दाराला टाईल्स, वर गच्ची. मला वाटलं पत्ता चुकला.

पत्ता बरोबर होता. आत साठीच्या आसपासची एक बाई जमिनीवर बसून जाळ्याची दोरी सोडवत होती. मी तिला मावशी म्हणायला लागले. तिचा नवरा गेलेला. घर त्याच्या चांगल्या दिवसांतलं. पुढे मासळी कमी झाली, बोट दोन मोसम उभी राहिली आणि शेवटी विकली गेली. मुलगा आता दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जायचा. घरात सून, तिची लहान मुलगी आणि मावशी. मावशी धक्क्यावरून मासळी घेऊन मालाडच्या बाजारात बसायची, घर त्यावर चालायचं. टॅब्लेट मला छताबद्दल विचारत होता, भिंतीबद्दल विचारत होता, आणि प्रत्येक उत्तरानं घर गुणांत वर वर चढत होतं. त्याच वेळी सून आतून मला खुणेनं सांगत होती की चहा देते, पण काळा. दूध कालच संपलं होतं.

मावशीची चिठ्ठी निघाली नाही. शेजारणीची निघाली. शेजारीण म्हणजे भिंतीला भिंत लागून. तिला बर्फ राहणारी मोठी पेटी मिळाली, वजनकाटा मिळाला, आणि महिन्यातून दोनदा एक ताई येऊन धंद्याची, तब्येतीची चौकशी करून जायला लागली. पेटी दोघींच्या दारांच्या मधोमध ठेवली होती, कारण दुसरीकडे जागाच नव्हती.

दुसऱ्या फेरीला मी गेले तेव्हा मावशीनं विचारलं, "माझी चिठ्ठी नाय ना निघाली?"

मी नाही म्हटलं.

"मग तू कशाला येतेस माझ्याकडं?"

या प्रश्नाचं उत्तर आम्हाला पाठ करून दिलेलं होतं. तुमच्या माहितीमुळे पुढे सरकारला चांगल्या योजना आखता येतील. मी ते म्हटलं. मावशी ऐकत होती. मग ती म्हणाली, "म्हणजे तिला दिलं ते बरं झालं का नाय ते माझ्याकडं बघून कळनार."

एवढ्या सोप्या शब्दांत मला प्रशिक्षणातही कुणी सांगितलं नव्हतं. मी मान हलवली. तिला राग आला असेल असं मला वाटलं, पण तिनं बाजूची पाटी ओढून मला बसायला जागा केली. वर म्हणाली, विचार काय ते, बोलायला तरी कोण येतंय.

त्या दिवशी ती बाजाराला का गेली नाही, हे मला तो प्रश्न येईपर्यंत विचारायचं नव्हतं. पण ते दिसतच होतं. ती मांदेली साफ करत होती आणि मासा डोळ्याच्या अगदी जवळ नेऊन मग बोटांनी चाचपत होती. अंगठ्याला चिंधी बांधलेली. मी आले तेव्हा तिनं मला आधी शेजारणीकडची ताई समजून हाक मारली होती. सुनेनं सांगितलं की गेले काही महिने आईंना माशाचा कल्ला लाल की काळपट तेच कळत नाही. शिळी मासळी ताजी म्हणून घेतली, गिऱ्हाइकांशी भांडणं झाली, तेव्हापासून त्यांनी बाजार सोडला. मावशीच्या मते हे वयाचं आणि खाऱ्या वाऱ्याचं होतं.

उपचाराचा प्रश्न आला. गेल्या सहा महिन्यांत घरातल्या कुणी उपचार पुढे ढकलला का? हो. कारण? टॅब्लेटवर पर्याय होते: पैसे नाहीत, वेळ नाही, माहिती नाही, सोबत कुणी नाही, इतर. मी ते वाचून दाखवले.

"भीती लिही," मावशी म्हणाली. "डोल्याला कोन हात लावू देतंय?"

मी इतर दाबलं.

आता जे झालं ते मी पुढे कितीतरी वेळा मनात फिरवून बघितलं आहे. माझ्या आईच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू आदल्याच वर्षी एका ट्रस्टच्या दवाखान्यात काढला होता. फुकट. मंगळवारी तपासणी, मग तारीख देतात, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. सगळं मला तोंडपाठ होतं. मावशीच्या दोन्ही डोळ्यांत बुबुळांवर जी राखाडी सावली होती तीही मी आमच्या घरात वर्षभर बघितली होती. मुलाखत संपली, टॅब्लेट पिशवीत घातला, चपला घातल्या. आणि मग वहीतलं पान फाडून त्यावर दवाखान्याचं ठिकाण, मंगळवार, काय कागद न्यायचे ते लिहिलं आणि मावशीच्या हातात दिलं. म्हटलं, माझ्या आईचं झालंय, दुखत नाही. तिनं कागद न बघता कमरेला खोचला.

होडीत मला बरं वाटत होतं. अंधेरीला येईपर्यंत ते बरं वाटणं गेलं. मी खत न घालायच्या कुंडीत खत घातलं होतं. ऑफिसला काही कळवलं नाही.

तिसऱ्या फेरीला, सात-आठ महिन्यांनी, मावशी घरी नव्हती. सून म्हणाली बाजारात असेल, तिथेच जा. मालाडच्या बाजारात मला तिला शोधावं लागलं नाही, तिचा आवाज आधी आला. काळा चष्मा लावून ती एका गिऱ्हाइकाला सांगत होती की बोंबील पसंत नसेल तर पुढं जा, पण बोटं घालून दाबू नको. मी समोर उभी राहिले. तिनं चष्मा कपाळावर सरकवला, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "तू एवढी काळी हायस होय गो? मना वाटायचं गोरी हायस."

मी हसले. दुपारी तिच्या घरी मुलाखत घेतली. कामाचे दिवस वाढलेले, घरात दूध येत होतं, सुनेच्या मुलीला बालवाडीत घातलं होतं. शेजारणीपेक्षा मावशीचं घर जास्त सुधारलं होतं. म्हणजे हिशेबानं बघायचं तर जिला काही दिलं नाही ती पुढे गेली. पेटीचा, काट्याचा, ताईच्या फेऱ्यांचा काही उपयोग झाला नाही, असं माझा टॅब्लेट सांगत होता. आणि त्याला तसं सांगायला मीच लावलं होतं, एका फाडलेल्या पानानं.

त्या रात्री जेवताना मी आईला सगळं सांगितलं. आमचं घर भांडुपच्या टेकडीवर होतं, आता खाली बिल्डिंगमध्ये आहे. वडील पालिकेच्या सफाई खात्यात होते. आईनं ऐकून घेतलं आणि विचारलं की मग त्या बाईला दिसतंय ना आता? मी म्हटलं, दिसतंय. मग झालं तर, असं म्हणून तिनं भांडी उचलली. तिला यात प्रश्न काय आहे तेच कळलं नाही, आणि मला ते तिला समजावता येईना.

मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी तिला म्हटलं, बस, तुला आमचे प्रश्न विचारते. ती हसली, पण बसली. मी सोपे प्रश्न सोडून सरळ मधल्या भागावर गेले. टेकडीवरच्या दिवसांतलं आठवून सांग. घरात अन्न नाही म्हणून कुणी उपाशी झोपलं, असं कधी झालं?

"नाही."

"एकदाही?"

"नाही म्हटलं ना. एकही दिवस नाही."

मला मात्र एक संध्याकाळ स्वच्छ आठवत होती. मी पत्र्याच्या भिंतीला लागून पडलेय, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजतेय, आणि आई सांगतेय की झोप, सकाळी लवकर उठवीन. मी तिला ते सांगितलं. ती म्हणाली तुला ताप होता, म्हणून जेवण दिलं नव्हतं. मला ताप आठवत नाही. दोघींपैकी एक चुकत होती, आणि कोण ते ठरवायला तिसरं कुणी उरलं नाही. मी त्या दिवसापर्यंत कितीतरी घरांत हाच प्रश्न विचारला होता, आणि बहुतेक बायकांनी इतक्याच पटकन नाही म्हटलं होतं. मी भरत गेले होते. नाही, नाही, नाही.

मग मी शेवटचं विचारलं, ते फॉर्ममध्ये नव्हतं. आपण वर कशानं आलो? माझ्या मते उत्तर उघड होतं. वडिलांची नोकरी कायम झाली आणि मला शिष्यवृत्ती मिळाली. मी प्रत्येक नोकरीच्या मुलाखतीत हेच सांगत आले होते. विहाराच्या अभ्यासिकेत एकदा लहान मुलांपुढे भाषणही केलं होतं त्यावर.

"नळ," आई म्हणाली. "नळ वर आपल्या गल्लीपर्यंत आला त्या वर्षापासून तुझी सकाळची शाळा बुडली नाही. त्याआधी हंडे घेऊन तूच खाली जायचीस. मी कामावर."

शिष्यवृत्ती त्यानंतर मिळाली होती, हे खरं. नळ कुणामुळे आला, तेही तिला ठाऊक नव्हतं. निवडणूक होती म्हणे, किंवा खालच्या बिल्डरला पाइप न्यायचा होता, त्याच्याबरोबर आपल्याला मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पीठ मळता मळता ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो एकच दिवस होता. त्याला उपाशी म्हणत नाहीत." आणि पुन्हा त्या विषयावर बोलली नाही.

मी त्याच दिवशी मॅडमकडे गेले. त्यांच्या केबिनमध्ये उभं राहूनच सगळं सांगितलं. कागद दिला, मंगळवार लिहिला, आईचं सांगितलं. मला वाटलं होतं कामावरून काढतील. त्यांनी मला बसायला सांगितलं. मग म्हणाल्या की नियम मोडलास हे तर झालंच, ते मला लिहावं लागेल.

"पण हेच तिला होडीत कुणी ओळखीच्या बाईनं सांगितलं असतं तर ते आपण नेहमीचं आयुष्य म्हणून धरलं असतं," त्या म्हणाल्या. "तू त्या घरात कोण होतीस, हे मलाही नीट सांगता येत नाहीये."

हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. मला त्यांच्याकडून ओरडा हवा होता. त्यांनी एवढंच ठरवलं की मी परत जाऊन मावशीला एक साधा प्रश्न विचारायचा: ऑपरेशनला कशी गेलीस? उत्तर जसंच्या तसं लिहून आणायचं.

मी गेले. मावशी दारात पेटीवर बसून जाळीच्या पिशवीत जवळा भरत होती. मी प्रश्न विचारला. ती म्हणाली, शेजारीण गेली म्हणून गेले. शेजारणीकडे येणारी ताई तिला डोळे तपासायला घेऊन निघाली होती, रिक्षात जागा होती, मावशी बसली. शेजारणीला नुसता चष्मा लागला, मावशीला एका डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली.

"आणि मी कागद दिला होता तो?" मी विचारलं. हे विचारायला नको होतं, पण विचारलं.

"कंचा कागद?"

मी आठवण करून दिली. तिनं डोकं खाजवलं. मना वाचता येतं का गो, म्हणाली, पानी लागून गेला असेल. ती थट्टा करत नव्हती. तिला खरोखर आठवत नव्हता. मला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाज वाटली. मदत मी केलीच नव्हती. मग इतके दिवस मी कशाचा अपराध वाहत होते?

निघताना सून माझ्याबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत आली. तिथे ती हळूच म्हणाली की कागद तिच्याकडे आहे. सासूच्या कमरेतून पडलेला तिनं उचलून फ्रिजला चिकटवला होता. तीन-चार महिने ती रोज सकाळी त्यातलं सासूला वाचून दाखवायची, मंगळवार, मंगळवार. सासूला ती सुनेचीच भुणभुण वाटायची, ती शिव्या द्यायची. पण ज्या दिवशी रिक्षा आली तो मंगळवार होता, आणि कोणते कागद घ्यायचे ते घरात आधीच काढून ठेवलेले होते. "त्यांना नका सांगू," ती म्हणाली. "त्यांना वाटतं त्या स्वतःहून गेल्या."

होडीत बसून मी वहीत लिहायला घेतलं. मावशीचं उत्तर जसंच्या तसं लिहिलं. त्याखाली सुनेचं लिहिलं. मग लक्षात आलं की सुनेला प्रश्न विचारायचं ठरलेलंच नव्हतं, आणि तिनं तर कुणाला सांगू नका म्हटलंय. मी ते खोडलं. पुन्हा लिहिलं. ताई संस्थेची, म्हणजे रिक्षा मदतीतलीच. कागद माझा. वाचणारी सून. भीती गेली ती शेजारणीमुळे. यातलं कुठलं काढून टाकलं असतं तर मावशी घरी बसली असती, हे मला कळेना. आजही कळत नाही.

मॅडमनी दोन्ही उत्तरं वाचली. मावशीचं घर आकड्यांत ठेवायचं की काढायचं, यावर त्यांनी आणखी दोघांशी फोनवर चर्चा केली. एकजण म्हणाला काढा, दुसरी म्हणाली ठेवा. शेवटी दोन्ही प्रकारे करून बघितलं, आणि इतक्या घरांमध्ये एका घरानं काहीच फरक पडला नाही. अहवाल आला तेव्हा मी आधी ते पान शोधलं. तळटीपेत एक वाक्य होतं: काही ठिकाणी मदतीचा लाभ शेजारच्या घरांपर्यंतही पोहोचला असण्याची शक्यता आहे. मुख्य निष्कर्ष असा होता की मदतीचा परिणाम दिसतो, पण तो किती टिकेल हे सांगता येत नाही. मी तो अहवाल आईला दाखवला. तिनं वरचा फोटो बघितला आणि विचारलं, यात ती बाई कुठाय? ती नव्हती.

मी अजून याच कामात आहे. सध्या आरेतल्या पाड्यांवर एका दुसऱ्या अभ्यासासाठी जाते. नव्या मुलींना मी शिकवते, आणि तो नियम मीही सांगते. का आहे ते समजावते, आणि मला तो अजून पटतो. त्यांच्यातल्या एकीनं विचारलं की समोर कुणाला काही होत असेल तर? मी म्हटलं, मला येऊन सांग. ती आली तर मी काय करेन ते ठरवलेलं नाही.

मागच्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी मी मढला गेले. टॅब्लेट नाही, ओळखपत्र नाही. अभ्यास संपलेला, मावशीला काहीही सांगायला मी मोकळी होते. तिच्या दुसऱ्या डोळ्यातली सावली आता दाट झाली होती. मी तिला समजावलं. दवाखाना तोच, मंगळवार तोच, मी स्वतः सुट्टी काढून येते, म्हटलं. शेजारीण म्हणाली मीपण येते. सून तर मागेच लागली होती.

मावशी म्हणाली, नको.

मी विचारलं का. भीती वाटते? नाही म्हणाली, भीती कसली, एकदा झालंय की. वेळ नाही? वेळ आहे. कुणी काही बोललं? नाही. मी सवयीनं एकेक पर्याय वाचून दाखवल्यासारखी विचारत गेले आणि ती प्रत्येकाला नाही म्हणत गेली.

"एका डोल्यानं चाललंय ना," ती शेवटी म्हणाली, आणि सुनेला हाक मारून माझ्यासाठी सुके बोंबील बांधायला सांगितले.